तळघराची जमीन कोरडी झाली, हे ओळखावे कसे?

तळघरात लाकडी किंवा विनाइलचे फ्लोअरिंग घालू इच्छिणाऱ्या माणसाला नेहमी पडणारा प्रश्न असा की, हाताला कोरडी लागणारी, कधी डबके न साचलेली काँक्रीटची जमीन फ्लोअरिंग घातल्यावर काही महिन्यांतच ओली का होते. फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात, विनाइलच्या सांध्यांतून चिकट द्रव बाहेर येतो, कार्पेट उचलले की बुरशीचा वास येतो, आणि मग दोष फळ्यांना, गोंदाला किंवा कारागिराला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा जमिनीच्या पोटात असते आणि ते फ्लोअरिंग घालण्यापूर्वी मोजता येते. अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागांत घराखाली पूर्ण तळघर असणे ही सामान्य गोष्ट असल्यामुळे या मोजणीचे शास्त्र आणि त्याची मानके मुख्यतः तेथे घडली. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा मिशिगनमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तळघराची खोली करताना याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. मुंबई-पुण्यात तळघरे मुख्यतः वाहनतळासाठी बांधली जात असली, तरी जेथे त्यांत व्यायामशाळा, दुकाने वा दस्तऐवजांच्या खोल्या होतात, तेथे हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच खरा ठरतो.

१. पाणी येते कोठून?

तळघराच्या जमिनीतील पाण्याचा पहिला उगम काँक्रीट स्वतःच आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते आणि त्या क्रियेत ते आपल्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश पाणी कायमचे बांधून घेते. परंतु एवढ्याच पाण्यात कालवलेले काँक्रीट इतके सुके राहते की ते नीट पसरता आणि दाबता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी घातले जाते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी आहे असे धरले, तर त्यातील सुमारे ८८ लिटर पाणी सिमेंटमध्ये बांधले जाईल आणि सुमारे ८७ लिटर मोकळे उरेल. जमिनीच्या थराची जाडी १० सेंटिमीटर असेल तर दर चौरस मीटरमागे हे मोकळे पाणी साडेआठ लिटरांहून थोडे अधिक भरते, आणि १०० चौरस मीटरच्या तळघरात ते सुमारे ८७० लिटर होते. हे सगळेच बाहेर पडते किंवा पडले पाहिजे असे नाही, कारण अतिसूक्ष्म छिद्रांत अडकलेले काही पाणी तेथेच राहते. पण त्याचा मोठा भाग वाफ होऊन वरच्या एकाच बाजूने निघून जावा लागतो.

या वाळण्याला लागणाऱ्या वेळाबद्दल बांधकामाच्या व्यवसायात एक ठोकताळा रूढ आहे, तो म्हणजे दर इंच जाडीला एक महिना. चार इंचांच्या थराला त्यामुळे चार महिने धरले जातात. हा ठोकताळा उपयोगाचा असला तरी त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण हा काळ काँक्रीट ओतल्याच्या दिवसापासून मोजायचा नसून, पाणी मारणे थांबल्यानंतर, इमारतीला छप्पर व दारे-खिडक्या बसल्यानंतर आणि आतली हवा कोरडी ठेवता येऊ लागल्यानंतर मोजायचा असतो. मधल्या काळात एकदा जरी पाऊस आत आला तरी वाळण्याची घडी मागे जाते.

दुसरा उगम जमिनीखालच्या मातीचा. माती वरून कोरडी दिसली तरी तिच्या कणांमधल्या हवेत बाष्प जवळजवळ पुरेपूर भरलेले असते, आणि बाष्प नेहमी दमट बाजूकडून कोरड्या बाजूकडे सरकत असल्यामुळे ते काँक्रीटमधून वरच्या खोलीकडे येत राहते. माती काँक्रीटला थेट चिकटलेली असेल तर बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढण्याची क्रिया, म्हणजे केशाकर्षण, हीदेखील त्यात भर घालते. ती तोडण्यासाठी काँक्रीटखाली सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर देतात, कारण खडीमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. वाफ मात्र त्या पोकळ्यांतून सहज जाते, म्हणून खडीवर पॉलिथिनचा बाष्परोधक थर अंथरावा लागतो. अमेरिकेतील घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत अनेक वर्षे हे पॉलिथिन सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असावे असे सांगितले जात होते आणि २०२१ च्या आवृत्तीत ही जाडी सुमारे ०.२५ मिलिमीटरपर्यंत वाढवण्यात आली. जुन्या घरांखाली असा थर पुष्कळदा नसतो, किंवा काम चालू असताना फाटलेला असतो.

या दोन उगमांमधला फरक पुढच्या सर्व विवेचनाचा पाया आहे. काँक्रीटमधल्या मूळ पाण्याला मुदत असते, मातीतून येणाऱ्या पाण्याला ती नसते. नव्या तळघरात वाट पाहिल्याने काम भागू शकते. बाष्परोधक थर नसलेले तळघर मात्र पन्नास वर्षे जुने असले तरी वाळून मोकळे झाले असे म्हणता येत नाही.

२. वरून कोरडे आणि आतून ओले

उघड्या जमिनीचा वरचा भाग हवेला लागून लवकर वाळतो, तर खालच्या भागातले पाणी छिद्राछिद्रांतून वर यायला फार वेळ घेते. जाड गोधडी धुऊन वाळत घातली असता तिचे वरचे कापड दुपारपर्यंत हाताला कोरडे लागते, पण आतल्या थरांत ओल शिल्लक असते, आणि तशीच घडी घालून ती ट्रंकेत ठेवली तर दोन दिवसांत तीच ओल सगळीकडे पसरून वरचे कापडही दमट होते. फ्लोअरिंग घातल्यावर काँक्रीटमध्ये हेच घडते. विनाइल किंवा रबरासारखे आच्छादन वाफेला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खोलवरची ओल हळूहळू वर पसरते आणि काही महिन्यांत पृष्ठभागाजवळचे काँक्रीट पूर्वीपेक्षा बरेच ओले होते. म्हणूनच आज पृष्ठभाग कसा आहे याला फार महत्त्व नाही. आच्छादन घातल्यावर तो कसा होईल, याचे उत्तर चाचणीतून मिळाले पाहिजे.

ही ओल व्यक्त करण्यासाठी सापेक्ष आर्द्रता हे माप वापरले जाते. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प मावते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, ते या मापाने कळते. काँक्रीटच्या छिद्रांतही हवा असते आणि तिची आर्द्रता मोजली की काँक्रीट किती ओले आहे याचा अंदाज येतो.

ओलीबरोबर क्षारही वर येतात, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. ताज्या काँक्रीटमधले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. आम्ल-अल्कता मोजण्याच्या पीएच या मापात उदासीन पाण्याचा आकडा ७ असतो, तर काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा १२ ते १३. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उघड्या पृष्ठभागाची तीव्रता कमी होते, पण खालून आलेली ओल पुन्हा तीव्र पाणी गोंदापर्यंत पोहोचवते आणि गोंद मऊ पडून विरघळू लागतो. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात हवेत घातक वाफा सोडणाऱ्या द्रावकांवर निर्बंध येत गेले आणि त्यांवर आधारित जुन्या गोंदांची जागा पाण्यावर आधारित गोंदांनी घेतली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता, पण नवे गोंद ओल आणि क्षार कमी सोसतात, त्यामुळे फ्लोअरिंग उखडण्याच्या तक्रारी वाढल्या आणि चाचण्यांकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

३. प्लास्टिकचा तुकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सर्वात सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि किमान १६ तासांनी तो उचलून पाहायचा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद पडले, तर ओल आहे हे निश्चित. मानके ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेने ही पद्धत डी ४२६३ या क्रमांकाने नोंदवलेली आहे.

या चाचणीचा एक उपयोग तळघरात विशेष होतो. उन्हाळ्यात बाहेरची उष्ण, दमट हवा तळघरात शिरली की तिच्यातले बाष्प गार जमिनीवर पाणी होऊन बसते आणि जमीन घाम आल्यासारखी दिसते. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेतील बाष्प २१ अंशांना पाण्यात बदलू लागते. जमिनीचे तापमान १९ अंश असेल तर ती ओली होणारच, मग खालची माती कितीही कोरडी असो. पाणी प्लास्टिकच्या वर दिसले तर ते हवेतले आणि खाली दिसले तर काँक्रीटमधले, असा निवाडा बऱ्यापैकी विश्वासाने करता येतो. हवेतल्या पाण्यावर उपाय वेगळा आहे, म्हणजे आर्द्रता शोषणारे यंत्र लावणे, बाहेरची दमट हवा आत न घेणे आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर असणे.

परंतु प्लास्टिकखाली काहीच दिसले नाही म्हणून जमीन कोरडी ठरत नाही. वाफ पाण्यात बदलण्यासाठी प्लास्टिक काँक्रीटपेक्षा गार असावे लागते, आणि तळघरात परिस्थिती नेमकी उलटी असते: प्लास्टिकला खोलीतल्या हवेची ऊब लागते आणि काँक्रीट मातीच्या सहवासाने गार राहते. अशा वेळी खाली भरपूर वाफ असूनही थेंब धरत नाहीत. शिवाय १६ तास हा काळ खोलवरची ओल वर यायला पुरत नाही. त्यामुळे या चाचणीतील वाईट निकाल खरा मानावा, पण चांगल्या निकालावर पैसा लावू नये.

हातात धरून वापरायच्या विद्युत मापकांनाही हीच मर्यादा लागू होते. ते पृष्ठभागाजवळच्या थोड्या जाडीचाच अंदाज देतात आणि लोखंडी सळ्या वा क्षार यांमुळे फसतात; तरीही संपूर्ण तळघरात ते फिरवून सर्वात ओल्या जागा हेरायला आणि पुढच्या, अधिक काटेकोर चाचण्या कोठे करायच्या हे ठरवायला ते चांगले आहेत.

४. क्षार आणि तराजू

कॅल्शियम क्लोराइड हा क्षार हवेतले बाष्प हावऱ्यासारखा शोषून घेतो. या गुणधर्मावर आधारलेली चाचणी अमेरिकेत दीर्घकाळ प्रचलित आहे आणि तिचे एफ १८६९ हे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवरचा सुमारे अर्धा मीटर बाजूचा चौकोन घासून स्वच्छ केला जातो, तो एक दिवस उघडा ठेवला जातो, नंतर क्षाराची पसरट बशी अचूक वजन करून तेथे ठेवली जाते आणि तिच्यावर पारदर्शक झाकण हवाबंद बसवले जाते. ६० ते ७२ तासांनी बशीचे पुन्हा वजन होते. जितके वजन वाढले, तितके पाणी त्या जागेतून वर आले.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. झाकणाखाली ०.०४६ चौरस मीटर जमीन आहे आणि ६४ तासांत बशीचे वजन २.१ ग्रॅम वाढले. २४ तासांची वाढ त्या मानाने सुमारे ०.७९ ग्रॅम आणि एका चौरस मीटरमागे सुमारे १७ ग्रॅम होते. अमेरिकेत हा आकडा हजार चौरस फुटांमागे दिवसाला किती पौंड, अशा रीतीने सांगतात. त्या रीतीने तो साडेतीन पौंड येतो. अनेक उत्पादक तीन पौंडांची, म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला साडेचौदा ग्रॅमच्या आसपासची मर्यादा घालतात, तर काही पाच पौंडांपर्यंत जातात. उदाहरणातली जमीन त्यामुळे एका फ्लोअरिंगसाठी नापास आणि दुसऱ्यासाठी पास ठरेल.

आकडा इतका नेमका निघत असल्यामुळे या चाचणीबद्दल मोठा विश्वास निर्माण झाला, आणि तो पूर्णपणे सार्थ नाही. बशी जे पाणी ओढते ते मुख्यतः वरच्या एक-दोन सेंटिमीटरांतले असते, म्हणजे गोधडीच्या वरच्या कापडातले. हलक्या खडीच्या काँक्रीटवर तर ही चाचणी वापरूच नये असे मानकातच म्हटले आहे.

५. भोक पाडून आत मोजणे

खोलवरची स्थिती जाणायची असेल तर खोलवर जावे लागते, या सरळ विचारातून निघालेली पद्धत आज सर्वाधिक विश्वासार्ह मानली जाते. तिचे एफ २१७० हे मानक २००२ मध्ये आले. काँक्रीटमध्ये भोक पाडून त्यात आर्द्रतामापक बसवायचा, ही कल्पना सोपी आहे. महत्त्वाचा आहे तो भोकाच्या खोलीचा प्रश्न. स्वीडनमध्ये झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की, एकाच बाजूने वाळणाऱ्या थरात पृष्ठभागापासून जाडीच्या ४० टक्के खोलीवर जी आर्द्रता असते, साधारण तीच आर्द्रता आच्छादन घातल्यानंतर पृष्ठभागाखाली येऊन स्थिरावते. दहा सेंटिमीटरच्या थरात त्यामुळे चार सेंटिमीटर खोल मोजायचे. वरच्या मजल्यासारखा दोन्ही बाजूंनी वाळणारा थर असेल तर जाडीच्या २० टक्के. आजच्या मोजणीतून उद्याची स्थिती सांगण्याचे सामर्थ्य या एका खोलीच्या निवडीत आहे.

काम करताना भोक कोरडेच पाडावे लागते, कारण ड्रिल गार ठेवण्यासाठी पाणी वापरले तर मोजायचे तेच बिघडते. भोकातली भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढतात, आत नळी बसवून तिचे तोंड बंद करतात आणि आतली हवा काँक्रीटशी समतोल साधेपर्यंत थांबतात. हा थांबण्याचा काळ पूर्वी ७२ तासांचा होता. २०१८ च्या सुधारणेत तो २४ तासांवर आणण्यात आला. पहिल्या हजार चौरस फुटांसाठी तीन भोके आणि पुढच्या प्रत्येक हजारासाठी किमान एक, असे प्रमाण आहे. तीन हजार चौरस फुटांच्या तळघरात म्हणजे किमान पाच भोके येतात, आणि मातीला लागून असलेल्या तळघरात प्रत्येक बाहेरील भिंतीपासून सुमारे एक मीटरच्या आत एक तरी भोक असावे, कारण बाहेरच्या मातीतली ओल प्रथम तेथे पोहोचते.

मर्यादा उत्पादकानुसार बदलते. काही ७५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, काही ८५ मान्य करतात आणि अलीकडे काही गोंद ९० किंवा त्याहून अधिक आर्द्रतेसाठीही बनवले जातात. पाच भोकांचे आकडे ७२, ७४, ७१, ७३ आणि ८८ आले, तर त्यांची सरासरी सुमारे ७६ होते आणि सगळे जवळपास ठीक आहे असा भास होतो. तो टाळला पाहिजे. ८८ टक्के असलेला कोपरा सरासरीने कोरडा होत नाही, तेथले फ्लोअरिंग उखडणारच; म्हणून प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत असावा लागतो.

चाचणीपूर्वी किमान ४८ तास खोलीचे तापमान व आर्द्रता पुढे वापराच्या वेळी राहणार तशीच ठेवणे आवश्यक असते. या अटीकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कोणत्याही अटीकडे होत नाही. वातानुकूलन चालू होण्यापूर्वी, घाईच्या दिवसांत केलेली मोजणी कागदावर सुबक दिसते, पण ती दुसऱ्याच खोलीची मोजणी असते.

६. जर्मन कारागिराची बाटली

जर्मनीत आणि आसपासच्या देशांत जमिनीतून काढलेला नमुना कुटून त्याचे ठरावीक वजन पोलादी बाटलीत घालतात. तिच्यात पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी असते. बाटली हलवली की कुपी फुटते, कार्बाइड नमुन्यातल्या पाण्याशी संयोग पावून ॲसिटिलीन वायू तयार करते आणि वायूचा दाब पाहून पाण्याचे प्रमाण कळते. सिमेंटच्या पातळ थरासाठी २ टक्के आणि त्यात उष्णता देणाऱ्या नळ्या असतील तर १.८ टक्के, ही तेथील रूढ मर्यादा. निकाल काही मिनिटांत मिळतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

७. कोणत्या ऋतूत मोजावे?

मानकांत नोंदवलेली प्रत्येक चाचणी त्या दिवसाचे उत्तर देते, आणि तळघराच्या बाबतीत हे उत्तर अपुरे पडू शकते. हिमप्रदेशात वसंत ऋतूत बर्फ वितळून जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात तेच काम जून ते सप्टेंबरचा पाऊस करतो. कोकणातल्या जांभा दगडाच्या प्रदेशात पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, देशावरची काळी माती पाऊस सरल्यावरही दीर्घकाळ पाणी धरून ठेवते. मे महिन्यात ७५ टक्के दाखवणारी, बाष्परोधक थर नसलेली जमीन ऑगस्टमध्ये तेवढ्यावर राहील असे मानता येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात खोलीतली हवाच ८५ टक्के आर्द्रतेची असते, आणि अशा हवेत उघडी पडलेली जमीन त्या आकड्याखाली वाळू शकत नाही. म्हणून त्या दिवसांतला वाईट आकडा मातीतल्या पाण्याचा की हवेचा, हे तळघर बंद करून, आर्द्रता शोषणारे यंत्र काही आठवडे चालवून आणि पुन्हा मोजूनच ठरवावे लागते.

मुंबई-पुण्यात तळघराच्या खाली आणि बाजूंना शहाबादी फरश्या सिमेंटच्या मसाल्यात बसवून बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग करण्याची पद्धत रूढ आहे. ती नीट केली असेल तर पाणी झिरपून आत येत नाही. परंतु झिरपणारे पाणी अडवणे आणि वाफ अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दगडी फरशांमधल्या मसाल्यातून वाफ येऊ शकते, आणि गळती नाही एवढ्यावरून विनाइलसाठी जमीन योग्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

८. आकडा मर्यादेबाहेर गेला तर

जमिनीतून प्रत्यक्ष पाणी येत असेल, सांध्यांतून ते झिरपत असेल, तर वर सांगितलेल्या चाचण्यांचा उपयोग नाही आणि फ्लोअरिंगचा विचारही करू नये. आधी छपराचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला करावा, आणि गरज पडल्यास पायाभोवती पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या व ते उपसणारा पंप बसवावा. अनेक तळघरांचा प्रश्न पन्हळीच्या तोंडाशीच सुटतो, आणि तोच उपाय सर्वात शेवटी आठवतो हे खेदाचे आहे.

नव्या काँक्रीटमध्ये केवळ बांधकामाचे पाणी उरले असेल तर यंत्राने हवा कोरडी ठेवून वाट पाहणे हा सर्वात स्वस्त मार्ग होय. वाट पाहणे शक्य नसेल, किंवा खाली बाष्परोधक थर नसल्यामुळे वाट पाहून उपयोग नसेल, तर काँक्रीटचा पृष्ठभाग यंत्राने खरबरीत करून त्यावर वाफ रोखणारे दोन घटकांचे इपॉक्सी पसरवले जाते. ते महाग असते आणि एका ठिकाणी जरी विरळ पडले तरी तेथून फोड धरतात, म्हणून ते अनुभवी हातांनीच करून घ्यावे.

तिसरा मार्ग आच्छादनच बदलण्याचा आहे, आणि घराच्या मालकाने प्रथम त्याचाच विचार करावा. सिमेंटच्या मसाल्यात बसवलेल्या सिरॅमिक टाइल्स, घासून चकचकीत केलेले काँक्रीट किंवा साधा कोबा हे ओल पुष्कळ सोसतात. थर चिकटवून बनवलेल्या लाकडी फळ्या काही अटींवर तळघरात चालतात. अखंड सागवान वा ओकच्या फळ्यांसाठी मात्र बहुतेक उत्पादक तळघरात हमीच देत नाहीत, आणि भोकातला आकडा चांगला आला म्हणून त्यात फरक पडत नाही.